बोटं पुरी बोलू दे

समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुळजा त्याला उत्तर देऊ लागली, तेव्हा सुरुवातीला घरात सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. तिचा नवरा प्रल्हाद भूगोलाचा मास्तर. चहात साखर कमी पडली हे सांगायलाही तो व्यापारी वाऱ्यांपासून सुरुवात करणार. असल्या माणसाला निम्म्यात अडवणारं कुणी भेटलं, तर शेजारपाजारचे लोक सुटकेचा निःश्वासच टाकणार. पण महिनाभरात प्रल्हादनं विनोद सांगणं सोडलं. तिसऱ्या शब्दाला बायको हसून मोकळी होते म्हटल्यावर चौथा शब्द कुणासाठी काढायचा? तो जेवताना शाळेची परिपत्रकं वाचू लागला, आणि तीही मन लावून.

याला कारण होतं तुळजाच्या कानामागे, कवटीच्या आत बसवलेली केसाहून बारीक तारांची जाळी. ज्या मेंदू संशोधन संस्थेनं ती बसवली, तिथले लोक तिला ‘पुढावा’ म्हणायचे. त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. आपला मेंदू ऐकतो कमी आणि अंदाज बांधतो जास्त. कुणी ‘पाणी’ म्हणायला तोंड उघडलं, की ‘पा’ कानावर पडेपर्यंत ‘णी’ आतून तयार असतो. अंदाज वरून खाली येतो, कानाडोळ्यांची बातमी खालून वर जाते. दोन्ही जुळलं तर मेंदू स्वस्थ राहतो. जुळलं नाही तर दचकतो, आणि त्या दचक्यातूनच तो शिकतो. पुढावा वरून येणाऱ्या अंदाजाला बळ द्यायचा. पाच-सात शक्यता एकदम धरायच्या, त्या कुठवर जातात ते पाहायचं, नकोत त्या छाटायच्या, हे सगळं पापणी लवायच्या आत.

तुळजा परभणीच्या वीज नियंत्रण केंद्रात अभियंता होती. कुठल्या तालुक्यात कधी किती वीज लागणार याचा आडाखा बांधणं हे तिचं काम. असल्या नोकरीतल्या नऊ जणांना संस्थेनं निवडलं, त्यांत ती एक. उन्हाळ्यात मुख्य वाहिनी तुटली, तेव्हा सहा जिल्हे काळोखात जाणार होते. तिनं समोरच्या पडद्यावरचे आकडे हलायच्या आधीच भार दुसरीकडे वळवला आणि कुठल्याही घरातला पंखासुद्धा थांबला नाही. वरिष्ठ तिच्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी घरी येताना ती स्कूटरवर मोठ्यानं गात आली. हे नवं डोकं तिला आवडत होतं, मनापासून आवडत होतं, आणि ते तिला परत द्यायचं नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण तुळजा नुसती अभियंता नव्हती. ती गोंधळ्याची लेक होती.

तिचे वडील नागनाथ उगले, तिचे आबा, उभ्या जिल्ह्यात नावाजलेले गोंधळी, संचाचे नाईक. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालायचा तर नागनाथ नाइकांनीच, असं मानणारी गावंच्या गावं होती. घशाचं ऑपरेशन झालं आणि आबांचा आवाज गेला. फोनमधल्या यंत्रानं जुन्या ध्वनिफिती ऐकून त्यांचा आवाज हुबेहूब तयार करून दिला. आबांनी तो एकदा ऐकला आणि फोन उशीखाली सारला. मेलेल्या माणसाचा आवाज आहे तो, असं त्यांनी तुळजाला बोटांनी सांगितलं.

बोटांनी, कारण गोंधळ्यांची ती पिढीजात विद्या. तिला करपल्लवी म्हणतात. हाताचा नागफणा केला की स्वर, मूठ कमळासारखी उमलली की क-वर्ग, बोट चाकासारखं फिरलं की च-वर्ग. वर्गातलं कितवं अक्षर ते बोटं सांगतात, मात्रा चुटक्यांनी कळते. मांडवात कुणीही पाहुणा एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो, तो लांबूनच बोटं हलवतो आणि समोर उभा असलेला त्याचा जोडीदार ते नाव सगळ्यांना ऐकवतो. लोकांना ती गंमत वाटते. आबांची मात्र आता तीच भाषा झाली होती. मांडवात ते बोटांनी कथा सांगत आणि तुळजा गळ्यानं. घरी दूधवाल्याला शिव्या घालायच्या असल्या तरी आबा बोटं हलवायचे आणि तुळजा दारात जाऊन शिव्या द्यायची. अक्षरागणिक कष्ट पडत असल्यामुळे आबांचं बोलणं फार आटोपशीर झालं होतं.

पुढावा बसल्यावरचा पहिला गोंधळ झाला सेलूला. नवरदेवाचा मामा आबांच्या कानाशी लागला. आबांची बोटं ‘सु’वर आली, ‘ल’कडे वळली, आणि तुळजानं सांगून टाकलं, “सुलोचना.” मामांनी मान डोलावली. दुसऱ्या नावाला तिला एकच अक्षर पुरलं. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक पुढे सरकून बसले. पुढच्या नावांना आबांचा हात नुसता वर जायचा आणि तुळजाचं नाव सांगून झालेलं असायचं. कथा सुरू झाली तेव्हाही तेच. आबांचं वाक्य अर्ध्यात असताना तिनं ते गाऊन संपवलेलं असायचं. आबांचा हात तसाच हवेत राहायचा, मग सावकाश खाली यायचा.

घरी आल्यावर आबा पायरीवर बसले. तुळजा खुशीत होती.

“आबा, एकदा तरी चुकले का मी?”

आबांनी हात वर केला. म. ग. मा.

“मग माझं काम काय, असंच ना?” तुळजा म्हणाली. “असं काय बोलता आबा? तुमच्याबिगर कसला गोंधळ?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले. त्या दिवसापासून त्यांनी तुळजासमोर बोट उचललं नाही. भूक लागली तर ते ताटाकडे बघायचे. औषध हवं असलं तर बाटली वाजवायचे. आधी तिला वाटलं, रुसलेत, चार दिवसांत निवळतील. पण एकदा ती कामावरून लवकर परतली तेव्हा स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं. आबा प्रल्हादला काहीतरी सांगत होते. प्रल्हादला करपल्लवी यायची ती मोडकीतोडकी. त्यामुळे आबा एकेक अक्षर थांबून दाखवत होते, आणि प्रल्हाद शाळेतल्या पोरासारखा ओठ हलवत ते जुळवत होता. तिला पाहताच आबांचे हात खिशात गेले. आपल्याच घरात आपण परक्या झालो, हे तुळजाला तेव्हा लख्ख कळलं.

तिनं संस्थेतल्या डॉक्टर शबनम मुजावर यांना गाठलं. पुढाव्याची देखरेख त्यांच्याकडे होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्या संमतीनं घरचं बोलणं आम्ही नोंदवतो. गेल्या महिन्यातलं एक ऐका,” त्या म्हणाल्या. “त्या आधी सांगा, सहलीबद्दल प्रल्हादराव तुम्हाला काय म्हणाले होते?”

“रविवारी शाळेच्या सहलीला जाणार म्हणाले. मी म्हटलं, जा, डबा करून देते.”

बाईंनी ध्वनिफीत लावली. प्रल्हादचा आवाज आला, “रविवारी शाळेच्या सहलीला...” लगेच तुळजाचा, “जा की, डबा करून देते.” आणि तिच्या आवाजाखालून प्रल्हाद पुढे बोलतच होता, “...नाही जाणार म्हणतो. आपण दोघंच जाऊ कुठंतरी. महिना झाला, धड बोललो नाही आपण.”

प्रल्हाद बिचारा डबा घेऊन सहलीला गेला होता. तुळजाला तो डबा आठवला, त्यातली मेथीची भाजीही आठवली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी ऐकलंच नाही हे,” ती म्हणाली.

“कानानं ऐकलंय. हा बघा आलेख, इथं कानाचा ठोका दिसतोय. तो वर पोचला नाही. वर अंदाज आधीच बसला होता. नऊच्या नऊ जणांचं हेच चाललंय. घरं कडू व्हायला लागली आहेत. मी पुढाव्याचा जोर उतरवणार आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत सगळे पूर्वीसारखे व्हाल.”

तुळजा मात्र भलत्याच विचारात पडली होती. आबांच्या बोटांनी ‘मग मा’ एवढंच म्हटलं होतं. पुढचं तिनं पाहिलंच नव्हतं. ‘मग माझं काम काय’ हे आबांचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. मग आबा काय म्हणत होते?

तिच्या डोक्यात शक्यतांच्या फांद्या फुटू लागल्या. ती निग्रहानं थांबली आणि दुसऱ्याच प्रश्नाला लागली. वीज केंद्रात हे का होत नाही? तिथं अंदाज चुकला की मीटर तोंडावर सांगतो. दचका बसतो, मेंदू सुधारतो. माणसं तसं करत नाहीत. माणसं भिडस्त. तुम्ही त्यांचं वाक्य थोडं चुकीचं पुरं केलंत तरी ‘हो, तसंच काहीतरी’ म्हणून सोडून देतात. मेंदूला वाटतं, बरोबर आलं. दचका बसायची सवयच मोडते आणि मग खरी बातमी दारातूनच परत जाते.

“बाई, जोर उतरवू नका,” ती म्हणाली. “दचका वाढवायला हवा. चूक लगेच, चारचौघांत, भीड न धरता कळेल अशी जागा हवी. आमच्याकडे आहे ती. परक्याचं नाव. नावाला तर्क चालत नाही.”

“सेलूला चालला की तुमचा.”

“सेलूला सगळी साधी नावं निघाली. माझं नशीब फुटकं, म्हणून सगळी बरोबर आली.”

मुजावर बाई हसल्या. त्यांनी तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली. तुळजानं जाताना आपणहून सांगितलं, “आबा माझ्याशी बोलले नाहीत, तर जोर उतरवू नका, जाळीच काढून टाका. मला दोन्ही हवंय. पण एकच मिळणार असेल तर आबा हवेत.”

नावांचा सराव घ्यायला आबा तयार होईनात. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. “आबा, माझं चुकलं. तुम्ही त्या दिवशी काय म्हणत होता, ते मी वाचलंच न्हाई. सांगा ना.” आबांनी प्रल्हादकडे तोंड करून बोटं हलवली. प्रल्हादनं घाम पुसत पुसत वाचलं, “आठवत न्हाई. चहा मागितला असंल.”

‘मग मागव चहा.’ असंही असेल. एवढंसंच असेल. तुळजाला हसूही आलं आणि रडूही आलं. ते वाक्य कायमचं गेलं होतं, आणि ते तिनंच घालवलं होतं.

मग गुरू झाला प्रल्हाद. मुजावर बाई नाना ठिकाणची नावं पाठवायच्या. प्रल्हाद पाटावर बसून ती बोटांनी दाखवायचा आणि तुळजा शेवटच्या मात्रेपर्यंत तोंड मिटून बसायची. हे मिटून बसणं तिला पहिल्या दिवशी इतकं जड गेलं की तिनं पदर दातात धरला. प्रल्हादच्या हातचं अशुद्धलेखन तर विचारू नका. थ आणि ध त्याला कळायचे नाहीत, चुटकी वाजायचीच नाही, मधेच नाकाला खाज यायची आणि तेही एखादं अक्षर वाटायचं.

“हा काय नवीन वर्ग?” तुळजा विचारायची.

“तो भूगोलाचा,” प्रल्हाद म्हणायचा.

पण त्याच्या त्या चुकांनीच काम केलं. शुद्ध बोटांच्या पुढे धावता येतं. प्रल्हादची बोटं पुढच्या क्षणी काय करतील ते प्रल्हादलाही ठाऊक नसायचं, त्यामुळे त्यांच्याकडे बघत राहण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बघता बघता तिला त्याच्या करंगळीवरचा भाजल्याचा डाग दिसला. तो कधीचा, हे तिनं विचारलं. त्यानं सांगायला सुरुवात केली ती खडकांच्या प्रकारांपासून, आणि ती सगळं ऐकत बसली. शेवट तिला वाटला होता तसा नव्हताच. ती इतकी मनापासून हसली की प्रल्हादनं त्या आठवड्यात परिपत्रकं वाचणं बंद केलं.

आलेखावर दचक्याच्या रेघा पुन्हा उठू लागल्या. अंदाजाचा जोर जराही कमी झालेला नव्हता. तो आता दाराशी उभा राहून खऱ्या बातमीची वाट बघत होता. बाईंनी बाकीच्या आठ जणांनाही करपल्लवीला बसवायचं ठरवलं. केंद्रातही तुळजाचे आडाखे आधीपेक्षा नेमके यायला लागले. सगळं जमलं होतं, फक्त आबांचे हात खिशात होते.

तुळशीचं लग्न झालं, मुदत संपली, आणि जाळीचा निर्णय व्हायच्या आत बोरीच्या जाधवांकडचा गोंधळ आला. सुपारी आधीच घेतलेली. देवीच्या कामाला आबा नाही म्हणणार नव्हते. त्यांनी प्रल्हादमार्फत निरोप दिला, नावं तेवढी दाखवीन, बाकी काही नाही, कथा आख्खी तुझी तू गा. हल्ली गोंधळ संध्याकाळीच उरकतात, हॉल रिकामा करून द्यायचा असतो. दिवेलागणीला संबळ कडाडला, तुळजाशेजारी दिवटी पेटली. तुळजानं शालू नेसला होता, गळ्यात कवड्यांची माळ होती. समोर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, आबा. मागच्या रांगेत प्रल्हाद आणि मुजावर बाई.

पहिली दोन नावं तिनं शेवटच्या अक्षरापर्यंत थांबून सांगितली. बरोबर आली. आबांचा चेहरा कोराच होता.

मग वरमाय उठली. पत्रिकेवर, स्वागताच्या कमानीवर, सगळीकडे तिचं नाव होतं, सौ. कौसल्याबाई जाधव. ती आबांच्या कानाशी वाकून बोलली आणि मोठ्यानं म्हणाली, “माझं नाव सांगा म्हणावं.” मांडव हसला. हे तर शेंबडं पोरही सांगेल.

आबांचा हात वर गेला. कमळ. पहिलं बोट. चुटक्या औकारावर थांबल्या. ‘कौ’. तुळजाच्या डोक्यात कौसल्या हे नाव इतकं मोठं झालं की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. आबांचा हात वळला, आणि तिला त्यात ‘स’ दिसला. चांगला स्पष्ट दिसला. पण तळाशी कुठंतरी एक बारीक दचका बसला. महिन्यापूर्वी तो तिच्यापर्यंत पोचलाही नसता.

तिनं तळहात वर केला. पुन्हा.

मांडवात ‘पुन्हा’ मागणं म्हणजे गोंधळ्यानं आपल्या हातानं नाक कापून घेणं. संबळवाला चपापला. लोक कुजबुजू लागले, कुणी तरी हसलं. आबा तिच्याकडे रोखून पाहत राहिले. मग त्यांनी बोटं पुन्हा पहिल्यापासून हलवली, प्रल्हादला दाखवायचे तशी, एकेक, सावकाश. तुळजा बघत राहिली. दुसऱ्या अक्षराला हात ‘स’चा नव्हता. तो त-वर्गाचा होता. त, इकार. मग पुन्हा कमळ, पहिलं बोट, आणि आकार.

ती श्वास घेऊन म्हणाली, “कौतिका.”

मांडवात हशा पिकला. “चुकल्या, चुकल्या,” पुढच्या रांगेतला कुणीसा म्हणाला. तुळजा हलली नाही.

“ओ,” वरमाय म्हणाली.

लहानपणी अंगणातून आईच्या हाकेला द्यावी, तशी तिनं ओ दिली होती. हशा विरला. तिनं पदरानं तोंड पुसलं. “माझं माहेरचं नाव. ह्यांच्या घरात मोठी जाऊ कौतिकाच होती. एका घरात दोन कशा म्हणून लग्नात माझं बदललं. माय गेल्यापासनं कुणी हाक मारली न्हाई मला. म्हटलं, आज लेकाच्या लग्नात एकदा मारून घ्यावी.”

नवरदेव आईकडे बघत उभा राहिला. त्याला आईचं नाव आज कळत होतं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मांडव उठला. सेलूच्या टाळ्या याच्यापुढे काहीच नव्हत्या. संबळवाल्यानं असा ठेका धरला की म्हाताऱ्या बायांचे पाय हलू लागले. नवरी पुढे आली आणि सासूला म्हणाली, “कौतिकाआई, इकडं या, माझ्याजवळ बसा.”

तुळजानं त्या गलक्यातून समोर पाहिलं. आबांच्या कानाशी कुणी नव्हतं. कुणी नाव सांगितलेलं नव्हतं. तरी आबांचा हात वर आला होता.

श-वर्गाचा हात. पहिलं बोट. आकार. ‘शा’.

शाबास. तिच्या अंगाच्या रोमरोमातून तो शब्द उठला. आबा जन्मात कुणाला शाबास म्हणाले नव्हते. तिला ते हवं होतं, लहानपणापासून हवं होतं. तोंडापर्यंत आलेला तो शब्द तिनं तिथंच धरला आणि बघत राहिली. हात प-वर्गाकडे गेला नाही. य-वर्ग. ल. ऊकार. शालू. बोटं पुढे चालली, भरभर, तिची वाट न बघता, पूर्वी घरात चालायची तशी. तिनं शेवटची चुटकी वाजू दिली.

बोटं जे बोलतात ते मांडवाला सांगायचं, हा गोंधळाचा नियम. तुळजानं खणखणीत आवाजात सांगितलं, “शालू सांभाळ. दिवटी बघ. जळशील, येडे.”

मांडव पोट धरून हसला. तुळजानं शालू वर खोचला, डोळे पुसले आणि पुन्हा समोर पाहिलं. आबांची बोटं अजून बोलतच होती.